प्रोबॅबिलिटीची गणितं सोडवताना आधी खालचा आकडा ठरवा

एफवायला स्टॅटिस्टिक्स घेतलं आणि प्रोबॅबिलिटीचा चॅप्टर सुरू झाला की बरीच मुलं पहिलं काम काय करतात तर सगळे फॉर्म्युले एका पानावर उतरवून पाठ करतात, बेरजेचा नियम, गुणाकाराचा नियम, कंडिशनल, बेज, आणि मग गणित समोर आलं की यातला नेमका कुठला लावायचा हे शोधत बसतात. असं केलं की चॅप्टर अवघड वाटणारच. फॉर्म्युला शेवटी येतो. आधी एवढंच ठरवायचं की कशापैकी किती. त्यातलं "किती" सहसा कुणालाही मोजता येतं, अडचण "कशापैकी" मध्ये असते, म्हणजे अपूर्णांकाचा खालचा आकडा. नवीन मुलांची चुकलेली उत्तरं घेऊन बघा, बहुतेक वेळा वरचा आकडा बरोबर असतो आणि छेद चुकलेला असतो. म्हणून खाली जी गणितं दिलीत ती सगळी या एकाच गोष्टीची प्रॅक्टिस म्हणून सोडवा. वही पेन घेऊनच वाचा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

सगळ्यात साधं गणित घेऊ. दोन नाणी उडवली, निदान एक छापा येण्याची शक्यता किती?

घाईत उत्तर येतं २/३. कारण काय तर तीनच गोष्टी होऊ शकतात ना, दोन छापे, एक छापा एक काटा, दोन काटे, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. आता हे उत्तर चुकीचं आहे पण ज्याचं चुकतं त्याने वाईट वाटून घेऊ नये, कारण दालांबेर नावाचा फ्रान्सचा फार मोठा गणिती, त्याने १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातल्या लेखात जवळपास याच गणिताचं उत्तर २/३ असं मांडलं होतं. त्याचं म्हणणं होतं की पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून तीनच शक्यता उरतात: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. शक्यता तीन आहेत हे खरंच आहे, पण त्या तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत, पहिली शक्यता निम्म्या वेळा येते आणि बाकीच्या दोन पाव पाव वेळा. छेदात मोजायच्या त्या गोष्टी एकसारख्या शक्यतेच्या असाव्या लागतात, हा नियम दहावीच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातो आणि तिथेच राहतो.

मग करायचं काय? दोन नाण्यांना नावं द्या, एक रुपयाचं एक पाच रुपयाचं. आता लिहा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चार. हा झाला सॅम्पल स्पेस, शाळेत ज्याला नमुना अवकाश म्हणायचो तोच. निदान एक छापा तिघांत आहे, उत्तर ३/४. वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी मोजताना त्यांना वेगवेगळं धरायचं, ही सवय एकदा लागली की फाशांची गणितं सोपी होऊन जातात.

दोन फासे टाकले, बेरीज ८ येण्याची शक्यता?

एक फासा लाल, एक निळा समजा. वहीत ६ बाय ६ चा चौकोन आखा, आडव्यात लाल, उभ्यात निळा, प्रत्येक घरात बेरीज लिहा. ३६ घरं. एकदा हाताने हा तक्ता भरा, दोन मिनिटं लागतील, पण दोन फाशांचं परीक्षेतलं जवळपास कुठलंही गणित या तक्त्याकडे बघून सुटतं. ८ कुठे आहे बघा: २-६, ३-५, ४-४, ५-३, ६-२. पाच घरं, ५/३६. इथे दोन प्रकारे चुकतं, कोणी ४-४ दोनदा मोजतं (पण लाल ४ निळा ४ हे एकच घर आहे), आणि कोणी ३-५ आणि ५-३ ला एकच धरतं. तक्ता समोर असेल तर दोन्ही चुका होणारच नाहीत. आणि ७ ची सहा घरं आहेत, तक्त्याच्या कर्णावर सरळ रेषेत, म्हणून दोन फाशांत सगळ्यात जास्त वेळा ७ येतो.

हाच प्रश्न तीन फाशांचा करून गॅलिलिओसमोर आला होता. जुगार खेळणाऱ्यांना अनुभवाने कळलं होतं की तीन फाशांत बेरीज ९ पेक्षा १० थोडी जास्त वेळा येते, पण कागदावर मांडलं तर ९ चे पण सहा प्रकार आणि १० चे पण सहाच, मग फरक का? स्वतः मांडून बघा. ९ साठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. यात तीनही आकडे वेगळे असतील तर ते सहा तऱ्हांनी पडू शकतात, दोन सारखे असतील तर तीन तऱ्हांनी, आणि ३-३-३ फक्त एकाच तऱ्हेने. बेरीज करा, २५ येते. १० साठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४, तसंच मोजा, २७ येते. एकूण २१६ पैकी २५ विरुद्ध २७. एवढा बारीक फरक नुसत्या खेळण्यातून लोकांच्या लक्षात आला म्हणजे ते किती वेळा फासे टाकत असतील विचार करा. हे गणित मी मुलांना नेहमी पूर्ण करायला लावतो कारण क्रम मोजायचा की नाही हा गोंधळ याने कायमचा जातो.

आता एक बोर्डाच्या परीक्षेतलं लाडकं गणित पटकन करू. लीप वर्षात ५३ रविवार असण्याची शक्यता? ३६६ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर दोन दिवस. हे दोन दिवस लागोपाठचे असणार, म्हणजे रवि-सोम, सोम-मंगळ असं करत शनि-रवि पर्यंत सात जोड्या. रविवार दोन जोड्यांत आहे, उत्तर २/७. परीक्षेत हेच लिहा. फक्त एक गंमत सांगतो, आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी तंतोतंत परत येतं आणि त्या ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं असतात, ती प्रत्यक्ष मोजली तर ५३ रविवार असलेली २८ निघतात, म्हणजे ०.२८९ च्या आसपास, आणि २/७ म्हणजे ०.२८६. अगदी थोडा फरक, पण आहे, कारण त्या सात जोड्या पूर्ण सारख्या प्रमाणात येत नाहीत. "सारख्या शक्यतेच्या" हे आपण गृहीत धरलेलं असतं हे लक्षात राहायला याच्यासारखं उदाहरण नाही.

"किंवा" वाली गणितं आता. पत्त्यांची उदाहरणं सगळ्या पुस्तकांत असतात पण ज्यांच्या घरी पत्ते खेळत नाहीत ती मुलं तिथेच अडकतात, म्हणून आधी हे पाठ करून टाका: कॅटमध्ये ५२ पत्ते, इस्पिक आणि किलवर काळे, बदाम आणि चौकट लाल, प्रत्येकाचे १३, आणि चित्राचे पत्ते म्हणजे गुलाम, राणी, राजा मिळून १२, एक्का त्यात धरत नाहीत. तरी पत्ते नको असतील तर हाउजी घ्या, १ ते ९० आकडे, ते सगळ्यांना माहीत असतं.

हाउजीत पहिला आकडा ५ किंवा ७ च्या पाढ्यातला असण्याची शक्यता किती? ५ च्या पाढ्यातले १८, ७ च्या पाढ्यातले १२. मिळून ३० लिहून मोकळं व्हायचं नाही, ३५ आणि ७० दोन्हीकडे मोजले गेलेत, एकदा काढा. २८/९०. साधं रूप १४/४५. बेरजेचा नियम म्हणून जे पाठ करता ते एवढंच आहे, दोनदा मोजलेलं एकदा वजा करायचं. पत्त्यांत राजा किंवा बदाम पण तसंच, ४ अधिक १३ वजा बदामाचा राजा, १६/५२. आणि एक सल्ला, मधल्या पायरीत अपूर्णांक लहान करू नका. ४/५२ चं १/१३ केलं आणि १३/५२ चं १/४ केलं की आता बेरजेला परत छेद सारखे करत बसावं लागतं, शिवाय कशापैकी मोजतोय तो ५२ डोळ्यासमोरून जातो. शेवटच्या ओळीत काय ते लहान करा.

"निदान एक" हे शब्द प्रश्नात दिसले की उलट्या बाजूने जायचं, एकही नसण्याची शक्यता काढून १ मधून वजा करायची. यामागे पण एक खरी गोष्ट आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये द मेरे नावाचा एक उमराव होता, जुगाराचा शौक असलेला. एक फासा चार वेळा टाकून निदान एक ६ येण्यावर पैज लावली तर फायद्याची ठरते हे माहीत होतं. मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा ६-६ येणं पण तेवढंच फायद्याचं असायला हवं, कारण ४ चं ६ शी जे प्रमाण तेच २४ चं ३६ शी. पण तसं होत नव्हतं. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, ज्याला या विषयाची सुरुवात मानतात, त्यात हा प्रश्न आलेला आहे.

आपण सोडवू. एका वेळी ६ न येण्याची शक्यता ५/६. चारही वेळा न येण्याची ५/६ चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. म्हणून निदान एक ६ ची शक्यता ६७१/१२९६, साधारण ०.५१८. अर्ध्याच्या वर, म्हणून फायदा. आता दोन फाशांचं, ६-६ न येण्याची ३५/३६, तिचा २४ वा घात कॅल्क्युलेटरवर काढा, ०.५०९ येतो, १ मधून गेला की ०.४९१. अर्ध्याच्या खाली. २४ च्या जागी २५ करून बघा, ०.५०६ येईल, एका फेरीने पारडं फिरतं! चार वेळा टाकलं म्हणून ४/६ असं लिहिणारी मुलं दरवर्षी असतात, त्यांना मी एकच विचारतो, मग सात वेळा टाकलं तर ७/६ का? एकपेक्षा मोठी शक्यता नसतेच, म्हणजे ती पद्धतच चुकीची आहे. कुठलंही उत्तर आलं की ते ० ते १ च्या मध्ये आहे ना हे बघायचंच, एका सेकंदाचं काम आहे.

पिशवीतून चेंडू काढायच्या गणितात छेद बदलतो का याकडे लक्ष द्या. ५ लाल ३ निळे, दोन काढले, दोन्ही लाल असण्याची शक्यता? पहिला परत टाकला तर ५/८ गुणिले ५/८, २५/६४. परत टाकला नाही तर पिशवीत सातच उरले, त्यात लाल चार, म्हणून ५/८ गुणिले ४/७, म्हणजे २०/५६, लहान करून ५/१४. प्रश्नात "एकाच वेळी दोन काढले" असं लिहिलेलं असेल तर ते परत न टाकल्यासारखंच धरायचं.

यातूनच स्वतंत्र घटना कळतात. पहिल्या घटनेने दुसऱ्याची शक्यता बदलली नाही तर त्या स्वतंत्र. आणि परस्पर अपवर्जी म्हणजे दोन्ही एकदम होऊच शकत नाहीत अशा. या दोघांत मुलं इतका गोंधळ घालतात की काही जण दोन्ही एकच समजून पेपर लिहितात, खरं तर जवळपास उलट आहे, दोन घटना एकदम होऊच शकत नसतील तर एक झाली की दुसरी झाली नाही हे पक्कं कळलं, म्हणजे पहिलीचा दुसरीवर पुरेपूर परिणाम झाला, मग त्या स्वतंत्र कशा असतील? (दोघींची शक्यता शून्य नाही असं धरून.) एका फाशावर तपासा. सम आकडा येणं, शक्यता १/२. ३ च्या पाढ्यातला येणं, १/३. दोन्ही एकदम म्हणजे फक्त ६, शक्यता १/६. गुणाकार केला तर १/६ च येतो, म्हणून स्वतंत्र. आता सम येणं आणि ४ किंवा त्याहून मोठा येणं घ्या, दोघांची १/२, गुणाकार १/४, पण दोन्ही एकदम म्हणजे ४ आणि ६, २/६. जुळलं नाही, स्वतंत्र नाहीत. दिसायला दोन्ही उदाहरणं एकसारखी आहेत, म्हणून अंदाजाने लिहू नका, गुणाकार करून बघा.

आणि नाण्याला आठवण नसते हे पण इथेच पक्कं करा. पाच वेळा लागोपाठ छापा आला तर आता काटा यायलाच हवा असं भल्याभल्यांना वाटतं. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर (लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक) लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला, आणि आता लाल येणारच म्हणून लोकांनी लाखो फ्रँक लावले आणि घालवले. सहावेळा लागोपाठ छापा येण्याची शक्यता १/६४ आहे हे खरं, पण ती उडवायच्या आधीची. पाच छापे येऊन गेल्यावर छेद ६४ राहतच नाही, दोनच गोष्टी उरतात, शक्यता १/२.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी इथूनच सुरू होते, काहीतरी कळलं की छेद लहान होतो. एक वर्ग घ्या, १२० जण, ७० मुली ५० मुलं. मुलींपैकी ४२ लोकलने येतात, मुलांपैकी १८. आता तीन प्रश्न नीट वाचा. कोणीही एक निवडला तर ती मुलगी आणि लोकलने येणारी असण्याची शक्यता? ४२/१२०, म्हणजे ०.३५. मुलगी निवडली आहे हे माहीत आहे, ती लोकलने येणारी असण्याची? ४२/७०, ०.६. लोकलने येणाऱ्यांमधून एक निवडला, ती मुलगी असण्याची? ४२/६०, ०.७. वर तिन्हीकडे ४२ च आहे, फक्त खालचा आकडा बदलला. प्रश्नात "दिलेलं आहे", "माहीत आहे", "यांच्यापैकी" असे शब्द येतात तिथे पेन्सिलने खूण करा, कारण तुमचा छेद तिथे लपलेला असतो.

आता याच चॅप्टरमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं गणित, कारण हे परीक्षेनंतरही आयुष्यात लागतं. एक आजार १०० पैकी एकाला आहे. टेस्ट अशी की आजार असलेल्या १०० पैकी ९५ जणांना पॉझिटिव्ह दाखवते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एखाद्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती?

बेजचा फॉर्म्युला (अशी उलट्या बाजूची शक्यता काढायचा) अजिबात लिहू नका आत्ता. १०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यातले ९५ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९०, खरे आजारी ९५. ९५/५९० म्हणजे साधारण ०.१६. सहातला एक! बहुतेक जण ९५ टक्के सांगतात कारण ते आजारी माणसांपैकी मोजतात, आणि प्रश्न पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी विचारलेला आहे. म्हणून टेस्ट निरुपयोगी असं समजू नका, आधी १ टक्का होता तो १६ टक्के झाला, म्हणजे पुढची तपासणी करायलाच हवी, पण घाबरून जायचं कारण नाही. हे माणसं मोजून नीट कळलं की मग बेजचा फॉर्म्युला उघडा, त्यात हेच आकडे टक्क्यांत बसलेले दिसतील.

आता ही गणितं स्वतः करा, उत्तरं खाली आहेत पण वर कागद ठेवून झाका.

१. फासा टाकला, ३ पेक्षा मोठा आकडा आलाय एवढंच सांगितलं. तो सम असण्याची शक्यता?
२. दोन फासे, बेरीज १० किंवा जास्त येण्याची शक्यता?
३. कॅटमधून दोन पत्ते काढले, पहिला परत न ठेवता. दोन्ही एक्के असण्याची शक्यता?
४. ६ मुली ४ मुलं, त्यातून तिघांची टीम चिठ्ठ्या टाकून. नेमका एक मुलगा असण्याची शक्यता? निदान एक असण्याची?
५. तीन नाणी उडवली. नेमके दोन छापे येण्याची शक्यता? पहिलं नाणं छापा आहे हे कळलं तर? आणि निदान एक छापा आहे एवढंच कळलं तर?
६. वर्गात २३ जण, निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता? (२९ फेब्रुवारी सोडून द्या.)

उत्तरं. पहिल्यात छेद ३ झाला, ४, ५, ६, म्हणून २/३. दुसऱ्यात तक्ता बघा, कोपऱ्यातली ६ घरं, ६/३६. तिसरं ४/५२ गुणिले ३/५१, लहान करून १/२२१. चौथ्यात १० मधून ३ निवडायचे १२० प्रकार, एक मुलगा दोन मुली ४ गुणिले १५ म्हणजे ६०, उत्तर १/२, आणि निदान एकसाठी उलटं जा, तिघी मुलीच असण्याचे २० प्रकार, म्हणून १००/१२०, ५/६. पाचवं नीट बघा, ८ पैकी ३ म्हणून ३/८, पहिलं छापा कळलं तर ४ पैकी २ म्हणून १/२, आणि निदान एक छापा कळलं तर फक्त काटा-काटा-काटा बाद होतं, म्हणून ३/७. शेवटच्या दोन प्रश्नांत माहिती जवळपास सारखीच वाटते पण छेद ४ आणि ७ आहे, इथे ज्याचं चुकलं त्याने आठही शक्यता लिहून एकेक खोडून परत करावं.

सहाव्यात निदान म्हटलंय म्हणून सगळ्यांचे वेगळे असण्याची शक्यता काढा, ३६४/३६५ गुणिले ३६३/३६५ असं करत ३४३/३६५ पर्यंत, ०.४९३ येते, म्हणून उत्तर ०.५०७. फक्त २३ जणांत अर्ध्याहून जास्त, हे पटत नाही कारण आपण मनात स्वतःचा वाढदिवस धरून बाकी २२ जणांशी जुळवतो, पण इथे कोणत्याही दोघांचा चालणार आहे आणि २३ जणांत जोड्या २५३ होतात. ३० जणांचा वर्ग असेल तर हीच शक्यता ०.७०६ होते.